भरतीखालच्या जागा

माझ्या हातून एक खोटं कागदावर गेलं. दोनच शब्दांचं होतं: 'वापर नाही.'

मी एका गुजराती शेठच्या खाजगी मोजणी ऑफिसात नकाशे काढतो. ऑफिस उधन्याला, घर लिंबायतला. वडील खानदेशातून इथे कापडाचे लूम चालवायला आले. मला बसून करायचं काम मिळालं याचा त्यांना फार अभिमान. त्या वर्षी ऑफिसला समुद्राचं काम मिळालं. जमिनीचा असतो तसा पाण्याचाही नकाशा करायचा: कुठे जहाजांची वाट, कुठे पाइपलाइन, कुठे कोणाचा हक्क. इच्छापोरच्या पुढे खाडीकाठी मासेमारांची एक वस्ती आहे. तिच्यासमोरचा चिखलाचा पट्टा माझ्या वाट्याला आला.

मी गेलो पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना. काठावर लांब बांबूंच्या मोळ्या रचलेल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "भाई, खाली उतरून बघ ना." माझ्या पायात नवे बूट होते. मी काठावरूनच पाहिलं, पट्ट्यासमोर 'वापर नाही' लिहिलं आणि खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' म्हणून सही ठोकली.

ते जाळी बांधायचे बांबू होते. पावसाळ्याआधी ते उपटतात आणि पाऊस सरला की प्रत्येक घर आपापल्याच जागी पुन्हा रोवतं. हे मला ठाऊक नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी तो पट्टा एका कंपनीला धक्का बांधायला द्यायचं ठरलं. आधार माझा नकाशा. वस्तीने हरकत घेतली, आणि उत्तर तयार करायला शेठनी मलाच पाठवलं. म्हातारीने लगेच ओळखलं.

"बूटवाला आला," ती सुनेला म्हणाली.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती घरात अहिराणीच बोलते. "चूक तुमनी शे, तं तुम्हीच सांगा ना," एवढंच म्हणून तिने भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी शेठना म्हटलं, हरकतीच्या सुनावणीत मी खरं सांगणार. त्यांनी नकाशा काढून सहीवर बोट ठेवलं. "नकाशावर सही माझीपण छे. मला सुनावणीत उभा करशील?"

"तुम्हाला नाही. मी उभा राहतो."

"आणि नोकरी?"

मी नकाशाची गुंडाळी करून उचलली.

सुनावणीत मी उठून सांगितलं की मी चिखलात उतरलोच नव्हतो. अधिकारी बाई म्हणाल्या, "नकाशा चुकला असेल. पण तेवढ्याने जागा यांच्या ठरत नाहीत. कोणाची जागा कुठे, हे कोण सांगणार?"

"मी सांगते," मागून म्हातारी म्हणाली. "भर भरतीत सांगते. तुम्हाला होडीत चक्कर तर येत नाही ना, बेन?"

लोक हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी पाहणीचा दिवस दिला.

पुन्हा पावसाळाच होता, बांबू उपटलेले; त्या दिवशी पट्ट्यावर पुरुषभर गढूळ पाणी होतं. म्हातारी होडीच्या पुढच्या टोकाला बसली. तिचा हिशेब साधा होता. पहिल्या जागेला एका बाजूला देवळाचा झेंडा पाण्याच्या टाकीमागे जायला हवा, दुसऱ्या बाजूला ताडाचं झाड जुन्या चिमणीच्या रेषेत यायला हवं. दोन्ही जुळलं की जागा तीच.

"चिमणी कुठे दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"पाडली. तो टॉवर आहे ना, त्याच्या अंगठाभर उजवीकडे होती." तिने हात लांब करून अंगठा धरला. "बस. टाक."

सुनेने बांबू खाली दाबला. मी यंत्रावर नोंद घेतली. दोन रेषा छेदतात तिथे बिंदू, हे मी आयटीआयमध्ये शिकलो होतो. ही म्हातारी ते अंगठ्याने करत होती. प्रत्येक जागेच्या खुणा वेगळ्या; अशा अकरा जागा तिने दाखवल्या. मग आम्ही काठावर चहा घेत ओहोटीची वाट बघत बसलो. माझा चहा तसाच निवला. ती चुकली असती तर माझ्या कबुलीने पट्टा वाचणार नव्हता.

पाणी हटलं. या वेळी मी अनवाणी उतरलो, गुडघाभर चिखलात. पहिल्या बांबूशेजारी चाचपलं. वीतभर अंतरावर हाताला टणक लागलं: उपटताना मोडून राहिलेला जुना बुडखा. दुसऱ्याशेजारीही तसाच. नवव्याला मात्र काहीच लागेना.

"ती माझ्या जावेची," म्हातारी काठावरून ओरडली. "तिचा माणूस जोरवाला. अख्खा उपटतो. खोल घाल हात."

कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा मऊ भोक सापडलं. अकराव्या बुडख्याला मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. काठावरचे सगळे बघत होते, आणि त्या क्षणी मला कोणाचीही नजर चुकवावीशी वाटली नाही.

पुढे तो पट्टा कंपनीच्या आराखड्यातून वगळला गेला. मी काढलेल्या नव्या नकाशावर सही करून शेठनी तो माझ्याच टेबलावर आणून टाकला. "आता उतरून काढलास, आता बराबर," एवढंच म्हणाले.

हक्कदारांची यादी करायला मी वस्तीत गेलो. म्हातारीच्या जागेपुढे तिच्या नवऱ्याचं नाव लिहायला लागलो, तर तिने माझं मनगट धरलं.

"तो तर जन्मभर कारखान्यात होता. जागा मला सासूने दाखवली. माझं नाव लिही, बूटवाल्या."

त्या पट्ट्यापुढे माझ्या हातची ही दुसरी नोंद. मी तिचं नाव लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.