एस्तेरमावशींच्या शोधात बडोद्याला

करजणला बस थांबली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं आणि हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांत अजून पाणी होतं. कपाशीची नुसती टोकं वर दिसत होती. नगरहून आदल्या संध्याकाळी निघाल्यापासून शेजारची बाई मला विचारत होती की बडोद्यात बघण्यासारखं काय काय आहे, आणि मी तिला सांगत होते की बाई, मी फिरायला नाही, माणूस शोधायला चालले आहे. चहावाल्याने मात्र मला बरोबर ओळखलं. पिशवीतले औषधांचे खोके बघून तो म्हणाला, "वडोदरा? पाणी उतरी गयुं, बेन. हवे कादव (चिखल) छे."

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीतली काही घरं रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या नोकरीपायी बडोद्याला गेली ती तिथलीच झाली. विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सगळ्यांचे फोन बंद पडले. मग एकेकाचा लागायला लागला. वाघोडियाच्या कारखान्यातला सुधीर तर पुरापेक्षा सुट्टी कापली म्हणून जास्त चिडला होता. एकच फोन लागेना, एस्तेर गायकवाड यांचा. सत्तरी ओलांडलेली बाई, नवरा रेल्वेत फिटर होता, तो गेल्यापासून एकटी राहते. मुलगी सुलभा माझी मैत्रीण, पण तिचा पाय प्लास्टरमध्ये. "आई आहे की नाही, एवढं तरी कळू दे गं," असं ती म्हणाली आणि मी बोलून गेले, "कळू दे काय, बरोबर घेऊनच येते." अख्खा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला आहे. वॉर्डातला हरवलेला पेशंट मी चहाच्या टपरीवरून धरून आणत असे, तर बडोदं ते काय!

पत्ता म्हणावा असा पत्ता नव्हता. मावशींनी उन्हाळ्यातच खोली बदलली होती. कारेलीबाग, पाण्याच्या टाकीजवळ, तळमजला, एवढंच सुलभाला ठाऊक होतं. तळमजला मिळाला म्हणून तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले होते, कारण मावशींचे गुडघे दुखतात. आता तो शब्द आम्ही दोघी तोंडातून काढत नव्हतो.

बडोद्यात उतरल्यावर आधी वास आला, ओल्या गाद्यांचा आणि गाळाचा. घराघरांसमोर सोफे, कपाटं, मुलांची दप्तरं वाळत घातली होती. भिंतींवर चिखलाची रेघ होती, काही ठिकाणी माझ्या कमरेला, काही ठिकाणी माझ्या डोक्याच्या वर. लोक मात्र रडत बसले नव्हते. एका दुकानात अर्धं शटर वर करून सेव-उसळ चालू होती आणि खाणारे चिखलाच्या पायांनी रांगेत उभे होते. मीही खाल्ली. इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, पण अंगात जोर आला.

पहिला मुक्काम रेल्वे कॉलनीत, साळव्यांकडे. साळवे दादा अस्सल नगरचे, पण भाषा आता बडोद्याची. "आवो, आवो ताई! मावशींसाठी मी दोनदा आंटो (फेरी) मारून आलो. सगळ्या सोसायट्यांमध्ये विचारलं. कोणी नावच ओळखत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दवाखान्यात पण जोई आलो. तिथं नाहीत." जोई म्हणजे पाहून. दवाखान्यात म्हणजे नेमकं कुठल्या खोलीत, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

साळव्यांनी ठरवून दिलेला रिक्षावाला फिरोजभाई. त्याला मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "गायकवाड? तो पेलेस जवुं छे?" मी म्हटलं, बाबा, ह्या गायकवाडांचा राजवाडा म्हणजे भाड्याची एक खोली आहे. तो इतका हसला की माझी भीती जराशी कमी झाली.

टाकीच्या आसपासच्या सोसायट्यांत मी दारोदार फिरले. एस्तेर गायकवाड? नाही. ख्रिश्चन बाई, मराठी? नाही. एका ठिकाणी माझा पाय गाळात घोट्यापर्यंत गेला आणि निघाला तो चपलेशिवाय. मी हात घालून चप्पल शोधायला वाकले तर फिरोजभाई ओरडला, "रहेवा दो, बेन! आ गटरमांथी मगर नीकळेलो!" मगर निघाली होती म्हणे, तिथूनच. चप्पल मगरीला अर्पण करून मी एकाच चपलेवर पुढे निघाले. उन्हं चढत होती. सुलभाचा फोन येत होता आणि मी तो उचलत नव्हते. खरं सांगते, तेव्हा माझा धीर सुटला होता.

एका फाटकाशी एक बाई नळीने अंगण धूत होती. माझा अनवाणी पाय पाहून तिने न विचारताच त्यावर पाणी सोडलं आणि म्हणाली, "जे श्री कृष्ण, बेन." आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भेटलो की 'जय ख्रिस्त' म्हणतो. सवयीने माझ्या तोंडून तेच गेलं. बाई नळी खाली करून हसली.

"लो! तमे तो अमारां कृष्णामासी जेवुं ज बोलो छो!" (तुम्ही तर आमच्या कृष्णामासींसारखंच बोलता!)

"कोण कृष्णामासी?"

"मराठी छे. एकलां. आ नीचेनी रूममां रहे."

मी खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि आत फक्त गाळ होता.

"हवे (आता) तो उपर छे," बाई म्हणाली. "हंसाबेनने त्यां, त्रीजे माळे."

तीन जिने मी कशी चढले ते आठवत नाही. दार उघडंच होतं. आत गुजराती पद्धतीने नेसलेल्या परक्या साडीत एस्तेरमावशी चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मान वर करून म्हणाल्या, "अगं, तू? आणि चप्पल कुठाय तुझी?" नर्सने पेशंटसमोर रडू नये असं मी पोरींना शिकवत आले. तिथे खाली बसून ढसाढसा रडले.

आधी सुलभाला फोन लावून दिला. तिकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. मावशी म्हणाल्या, "सुले, मी बोलतेय. रडू नको. पायावर जोर नाही ना देत?" मग मी रागावून विचारलं, दुसऱ्याच्या फोनवरून कळवायला काय झालं होतं? "नंबर कुठे पाठ असतात गं आता? सगळे त्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल पाण्यात."

हंसाबेन, साठीच्या, बोलक्या. आमच्यापुढे त्यांनी वघारेली खिचडी (फोडणीची खिचडी) आणि ताक ठेवलं. पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनीच जिन्यातून हाक मारली होती, "कृष्णामासी, उपर आवो!" आणि एस्तेरमावशी ओ देत बाहेर आल्या होत्या.

मला राहवेना. "ह्यांचं नाव कृष्णा नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"ले, केम नहीं?" हंसाबेन म्हणाल्या. "पहेलां एमणे ईसुनो फोटो मारा हाथमां आप्यो, पछी पोते चड्यां." (आधी येशूचा फोटो माझ्या हातात दिला, मग स्वतः चढल्या.) फोटो त्यांच्या फ्रिजवर नीट भिंतीला टेकून उभा होता. "छोकरांओने कृष्णा बोलवुं फावे (जमतं)."

मावशी शेंगा मोडता मोडता म्हणाल्या, "माझं 'जय ख्रिस्त' ह्यांना 'जय कृष्ण' ऐकू जायचं. सुरुवातीला मी सगळ्यांना सुधारत होते. ख्रिस्त, ख्रिस्त. मग म्हटलं, हाक मारतात ना? ओ द्यावी."

मी त्यांचे कपडे भरायला पिशवी मागितली तेव्हा त्या उठल्याच नाहीत. "मी नाही येत."

"मावशी, मी सुलभाला शब्द दिलाय!"

"तू दिलास, मी नाही. खालचा गाळ काढायचाय. ह्या बाईने मला ओढून वर आणलं, आणि मी झाडू धरायच्या वेळी माहेरी पळू? नाताळला येईन." माझ्या अधिकाराच्या आवाजावर भलेभले डॉक्टर गप्प बसत. मावशी बसल्या नाहीत. औषधं त्यांना दिली, हंसाबेनच्या चपला घालून दोन दिवस मीही गाळ उपसला आणि एकटीच परतीच्या बसमध्ये चढले.

वाटेत बराच वेळ स्वतःवरच चिडले होते. मी आणि साळवे दादा दारोदार जे नाव विचारत होतो ते बरोबर होतं, पण ते फक्त आमच्यापुरतं बरोबर होतं. माणूस जिथे राहतो तिथे त्याला काय हाक मारतात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. सुलभाला काय सांगायचं, हेही नगर येईपर्यंत ठरत नव्हतं.

ती रविवारी कुबड्या घेऊन उपासनेला आली. मी सगळं सांगून झालं होतं, तरी माझ्या शेजारी न बसता ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. पाळकसाहेबांनी बडोद्याच्या आपल्या सगळ्या माणसांची नावं घेतली, सुखरूप राखलं म्हणून देवाचे आभार मानले आणि विचारलं, आणखी कोणाचं नाव घ्यायचं राहिलं का? सुलभा कुबडीवर भार देत उभी राहिली.

"हंसाबेन. तिसरा मजला."

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ह्या आपल्या मंडळीतल्या का?"

"माझी आई त्यांच्या घरी आहे," सुलभा म्हणाली. "आता तुम्हीच ठरवा."

साहेबांनी डोळे मिटले आणि नाव घेतलं.