खुर्चीवरचे दात

खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणाऱ्या माणसाच्या तोंडात दिवसभर बारीक खिळे असतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ते ओठांत. तिच्या नवऱ्याने उभा जन्म हेच केलं, आणि खिळे नसतानाही तोंड मिटून ठेवायची सवय त्याला जडली. मिठाची गुळणी धरून बसतो म्हणून गल्लीत त्याचं नावच पडलं गुळणीमास्तर.

लग्नानंतर पहिली काही वर्षं तिने त्याला बोलतं करायचा खटाटोप केला. मग नाद सोडला. तीच विचारायची, तीच उत्तर द्यायची, आणि त्या उत्तरावर तीच चिडायची. घरात शांतता अशी दाबून भरली होती, की एखादी शिवण उसवली तर सगळी भसकन बाहेर येईल.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान. तिथला काथ्या उंदीर कुरतडायला लागले, तेव्हा तिने त्याला प्राण्यांच्या आश्रयघरात मांजर आणायला धाडलं. तो कुत्रा घेऊन आला.

"हे मांजर?"

"पायावर बसलं."

"मग?"

"उठेना."

एक कान उभा, एक पडलेला, वरचा डावा सुळा अर्धा तुटका, आणि थाट असा की घरमालक हाच, बाकीचे दोघं भाडेकरू.

"राहू दे," ती म्हणाली. "पण गिऱ्हाइकाच्या वस्तूला याचा दात लागला, की त्याच दिवशी परत. माझा शब्द म्हणजे शब्द."

भामट्या हे नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं. उंदरांनी वर्षभरात केली नव्हती एवढी नासधूस त्याने आठवड्यात केली. मोजपट्टी पळवली, कापसात लोळला, सुतळीचा गुंडा गल्लीच्या टोकापर्यंत उलगडत नेला. आणि एका दुपारी स्वयंपाकघरात तिच्या हातातली पळी थबकली. दुकानातून आवाज आला होता.

"ए भामट्या! सोड! सोड म्हणतो ना!"

तिला आधी वाटलं, कुणी गिऱ्हाईक भांडतंय. मग कळलं, नवरा आहे. खिळे थुंकून ओरडत होता.

पुढे तर गप्पाच रंगू लागल्या. "ही पट्टी तुझ्या बापाची आहे का? बरं, अर्धी घे. पण मालकिणीला सांगायचं नाही." काम शिकताना आपण एका खुर्चीच्या स्प्रिंगा उलट्या बसवल्या आणि उस्तादच त्यावर बसले, ही गोष्टही त्याने कुत्र्याला सांगितली. इतक्या वर्षांत तिला ती ठाऊक नव्हती. हातात चहा घेऊन ती दाराआड उभी राही. चहा गार होई. हेवाही वाटे, आणि आवाज थांबू नये असंही वाटे.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची आली. दवाखान्यात पेशंटना बसायची, जुन्या लाकडाची. खुर्ची न्यायला बाई येणार त्याच सकाळी ती दुकान झाडायला गेली आणि पाहते तर काय, खुर्चीच्या हातावर दातांची ओळ. शेजारी भामट्या, मिशांना लाकडाचा भुगा, शेपूट जोरात.

"अरे मेल्या," ती हळूच म्हणाली. "आज तरी कळ काढायची होतीस."

शब्द तिचाच होता. तरी तिने आतून टेबलक्लॉथ आणला आणि त्या हातावर पसरला. नवरा आला. त्याने टेबलक्लॉथकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मूठभर खिळे तोंडात टाकले.

डॉक्टरीणबाई आल्या, हौसेने खुर्चीत बसल्या. कोपर टेकलं, कापड घसरलं. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

"कोणाचे दात हे? वरचा डावा सुळा तुटलाय."

खुर्चीखालची शेपूट थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण आज गुळणी तिच्या तोंडात होती.

"माझे," नवरा खिळ्यांमधून म्हणाला.

"असं? आ करा बघू."

त्याने खिळे एका गालात सारून आ केला.

"अहो, हे कसलं फिलिंग? कुठल्या डॉक्टरकडे जाता तुम्ही?"

तिला हसू फुटलं. ते पाहून त्यालाही आवरेना, आणि खिळे फरशीवर खळखळ सांडले. भामट्या झेपावला.

"अगं, धर त्याला! गिळेल!"

तिने खाली बसकण मारून कुत्र्याला मिठीतच धरलं, त्याच्या जबड्यात बोटं घालून एक खिळा बाहेर काढला. हात लाळेने भरला. आजवर तिने त्याला शिवलंही नव्हतं.

"खुर्चीचा हात असाच राहू द्या," बाई हसत म्हणाल्या. "घाबरट पेशंटना दाखवीन. माझ्याकडे यायचं टाळलं की माणसं फर्निचर खायला लागतात म्हणून."

खुर्ची गेल्यावर नवरा खिळे गोळा करत राहिला. मान वर न करताच म्हणाला, "परत नेऊ त्याला? तू शब्द दिलेलास."

"कुत्र्याच्या दातांबद्दल दिला होता. हे तर तुमचे निघाले. आता तुम्हाला कुठे परत करू? सासूबाई असत्या तरी त्यांनी घेतलं नसतं."

त्याने हातातले खिळे डबीत टाकले.

"नसतंच घेतलं," तो म्हणाला. "लहानपणी मी एकदा घरातून पळून गेलो होतो. तुला कधी सांगितलं नाही ना? तर झालं काय..."

भामट्या येऊन तिच्या पायावर बसला. चुलीवर दूध होतं. ते उतू जाणार हे तिला कळत होतं. तरी तिने पाय हलवला नाही.