काकूंच्या गळ्यातल्या थोरल्या

"सरळ चाल, तिच्याकडं बघू नको. वत्सलाच बसून राह्यली ओट्यावर."

माझ्या मागून येणाऱ्या दोन बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. समोरच्या ओट्यावर आमच्या शेजारच्या कावेरीकाकू अंबाडीची भाजी निवडत होत्या. वत्सला म्हणजे काकांची पहिली बायको. ती माझ्या जन्माआधीच वारली होती.

काकू आता नाहीत. पण भोकरदनच्या आमच्या गल्लीत त्यांचं नाव निघालं, की अजूनही आवाज असाच खाली येतो.

लग्नात सासूने काकूंच्या गळ्यात चांदीचा एक टाक घातला होता. मेलेल्या सवतीने नव्या सुनेला छळू नये म्हणून तिची अशी छोटी प्रतिमा गळ्यात घालतात. काकूंना तिची भीती नव्हती. नवी साडी आधी टाकाला लावायची, पहिला घास त्याला दाखवायचा आणि म्हणायचं, "थोरल्या, या. बसा जरा." चहात साखर जास्त पडली की, "थोरल्यांचा हात लागला." मी घुमी म्हणून मला चिडवायच्या, "इंग्लिश शाळेची एवढी फीस भरली, अन् पोरगी बोलतच न्हाई!" मी हसायचे. त्या टाकाला मात्र हात लावायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. कुवार मुलीने तर नाहीच.

काकूंना कोरोना झाला आणि घरच्या घरी बराही झाला. काही महिन्यांनी त्यांची बोटं सुजली. गार पाण्यात हात घातला की ती चुन्यासारखी पांढरी व्हायची, मग निळी. त्यानंतर चेहरा बदलू लागला. कपाळावरच्या रेघा गेल्या, कातडी ताणली, नाक धारदार झालं, ओठ आवळले. त्यांच्या बैठकीत वत्सलाबाईंचा हार घातलेला फोटो होता. तेच नाक, तेच ओठ. फोटोवर स्टुडिओवाल्याने रंगकाम केलं असेल, असं मी स्वतःला सांगायचे आणि त्या भिंतीला पाठ करून बसायचे.

भाकरीचा घास तोंडात मावेनासा झाला, तेव्हा काकू म्हणाल्या, "थोरल्यांना ज्वारी आवडत नव्हती म्हणं. त्याच तोंड आवळून धरतात."

एकदा जेवताना काका म्हणाले, "वत्सला, पाणी दे." काकूंनी मुकाट्याने तांब्या पुढे केला. नंतर मला म्हणाल्या, "मी काय बोलू? हाक मला नव्हती." त्या दिवसापासून काका मान खाली घालून जेवू लागले.

मग आमच्या दारापर्यंत येतानाही काकूंना धाप लागू लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला जायला सांगितलं. "थोरल्यांना मला न्यायचंच असंल तर डॉक्टर काय करंल?" म्हणत काकू अडून बसल्या. शेवटी आईने त्यांना दटावलं. "तुला इंग्रजी येतं, तू जा सोबत," काका मला म्हणाले. तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या बाकावर काकूंशेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. मी तिच्याकडे पाहिलं. तेच ताणलेलं कपाळ, तेच नाक, तेच ओठ. काकूही टक लावून पाहत राहिल्या.

"तुमच्याकडं बी थोरली हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई बाई. मी पहिलीच," ती म्हणाली. "माझा चेहरा ह्या आजारानं असा झाला."

काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मंग थोरल्या कुणाकुणाकडं जातात गं?"

डॉक्टरांनी समजावलं. विषाणू जातो, पण कधीकधी त्याच्याशी लढायला उठलेली ताकद थांबतच नाही. ती स्वतःच्याच कातडीवर, फुप्फुसावर उलटते. "म्हंजी पाखरं उडून गेली तरी गोफण थांबंना," काकू म्हणाल्या. मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं किती आवळलीत हे स्कॅनमध्ये आजच दिसायला हवं, त्याशिवाय औषध ठरवता येणार नाही.

स्कॅनच्या दारात तिथला माणूस म्हणाला, "गळ्यातलं सगळं काढा."

काकूंनी मंगळसूत्र लगेच काढून दिलं. टाक मात्र मुठीत धरला. "ह्यांना न्हाई काढायचं. सासूनं शपथ घातल्ती. रिकाम्या जागी ठेवलं तर जातील कुठं?"

"काकू, माझ्या पर्समध्ये ठेवते."

"पर्समधी? बाईमाणूस हाय ती!"

"आजी, जल्दी करा. न्हाई तर पुढचा पेशंट घेतो," तो माणूस म्हणाला.

काकू परत फिरल्या. चार पावलांतच त्यांना धाप लागली आणि त्यांनी भिंत धरली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मान खाली वाकवली.

काकूंना कळायला क्षणभर वेळ लागला. "येडी का काय तू? लग्न व्हायचंय तुझं."

मी मान वर केली नाही. अखेर त्यांची बर्फासारखी बोटं माझ्या मानेला लागली, आणि टाक माझ्या गळ्याशी आला. तो ऊन होता. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या जागेसारखा.

तरी काकू आत जाईनात. "नुसतं घालून जमत न्हाई. ज्याच्या गळ्यात, त्यानं बोलवावं लागतं. तोंडानं."

स्कॅनबाहेर नंबर लावून बसलेला सगळा बाक माझ्याकडे पाहत होता. ती दुसरी बाईसुद्धा, काकूंच्याच चेहऱ्याने. वर्गात हजेरीलाही माझा आवाज कधी नीट निघाला नव्हता.

मी टाकावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थोरल्या काकू, या. ह्या बाहेर येईपर्यंत माझ्याजवळ बसा जरा."