पथ्य राहिलं

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत डिझेलची नाडी कळणारा माणूस एकच होऊन गेला: आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फौजेत ट्रक दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते वाईला परतले आणि वडापच्या जीपगाड्या जिथून महाबळेश्वरला माणसं भरून निघत, तिथेच एका टपरीत त्यांनी डिझेलचा दवाखाना थाटला. दवाखाना हा त्यांचाच शब्द. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "कफ झालाय." मग पुण्याहून आणलेल्या डब्यातलं रसायन, वीस लिटर डिझेलला एक टोपण. त्यानं डिझेल नीट जळतं, धूर कमी होतो, घाटात गाडी दमत नाही. पण टोपण उघडण्याआधी पथ्य! डिझेल फडक्यातून गाळायचं, फिल्टरमधलं पाणी रोज सकाळी सोडायचं, भेसळीच्या स्वस्त मालाला हात लावायचा नाही. एकदा रॉकेल मिसळलेली जीप आली, तेव्हा टाकीचा वास घेऊन आतोबा ड्रायव्हरला म्हणाले, "पिऊन आलीया रं ही. आदी उतरू दे तिची, मग आन." माझ्या बहिणीच्या लग्नात हा गृहस्थ एकाही फोटोत नाही. मांडवाबाहेर वऱ्हाडाच्या ट्रकचा सायलेन्सर हुंगत उभा होता, आणि आत्या आतून ओरडत होती, "आवं, पावणं हिकडं हायेत!"

मी तेव्हा पत्रकं काढायचो. गावात मला आग्यावेताळ म्हणत आणि मला ते आवडायचं. 'डब्यातली बुवाबाजी' हे माझं पत्रक. भेसळ करणारे मोकाट, धूर ओकणाऱ्या गाड्यांचे मालक नामानिराळे, आणि जनतेच्या माथी एक टोपण रसायन! असं ठणकावून लिहिलं आणि जीपस्टँडवर स्वतः वाटलं. आतोबांचं नाव घातलं नव्हतं. वाईत घालायची गरजही नव्हती. आठ दिवसांत ड्रायव्हर त्यांना "काय बुवा, अंगारा हाय का?" म्हणू लागले आणि दवाखाना ओस पडला.

आतोबांनी मला बोलावलं. मी भांडणाच्या तयारीनं गेलो. ते चष्मा लावून माझं पत्रक वाचत बसलेले.

"झ्याक लिवलंयस गड्या. नुसत्या टोपनानं काय हुतंय? भेसळीचं तर लयच बराबर. पन माजं पथ्य कुटं हाय ह्यात?"

"ते राहिलं," मी म्हणालो.

"मग दुसरं काढ की. मानसं तुजं वाचत्यात."

काढतो म्हणालो. तोंड वर करून म्हणालो. मग दारूबंदीचं पत्रक आलं, कॉलेजच्या फीवाढीचं आलं. अन्यायाला काय तोटा? आतोबा रिकाम्या टपरीत बसून घाट चढणाऱ्या गाड्या ऐकत राहिले. त्या थंडीत ते गेले.

त्यांचे दिवस झाल्यावर मी ते दुसरं पत्रक काढलं. फक्त पथ्य, आणि वर, या वेळी, आतोबांचं नाव. स्टँडवर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं ते घेतलं, पुरतं वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"ह्ये सगळं तोंडपाठ हाय की आमाला. पन एक राह्यलं ह्यात. थंड इंजनाला घाई करायची न्हाई, दम धरायचा." मग म्हणाला, "आमी आतोबास्नी इचारायचो, पोराच्या नव्या कागदाचं काय झालं? तवा बी ह्येच म्हनायचं. 'येतोय त्यो. थंड इंजन हाय, दम धरा.'"