आतोबांचं आयर्लंड

आमच्या आतोबांनी आयर्लंडवर जितकं प्रेम केलं, तितकं खुद्द आयर्लंडमध्येही कुणी केलं नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गाव कासू, आणि उपास वर्षातले झाडून सगळे. तरुणपणी जहाजावर फिटर होते. जहाज बिघडून तिकडच्या एका बंदरात तीन महिने अडकलं, तेव्हा ते एका म्हातारीच्या घरी राहिले. जेवायला वाढता वाढता ती गोष्टी सांगे. तिचं निम्मं इंग्रजी यांना कळे. उरलेलं यांनी पदरचं घातलं.

वडखळच्या वाहतूककोंडीत एसटी अडकली, की आतोबा दांड्याला धरून उभे राहत. "तिकडं पूर्वी इंग्रजांच्या राज्यात कॅथलिकांच्या पूजेला बंदी. पाद्री गावला तर फाशी. मंग डोंगरात एक सपाट दगड, त्याच्यावर पूजा. बाया टेकाडावर पहाऱ्याला. एकदा शिपाई आलेच. पन धुकं असं उतरलं, का हातभरावरनं गेले नि त्यांना कोन दिसलं नाय." एकदा रस्ता मोकळा झाला तरी कंडक्टर म्हणाला, "बाबा, पाद्री सुटला का ते सांगा, मग बेल मारतो."

दोन वर्षांपूर्वी गावामागच्या आदिवासी वाडीला रस्ता मंजूर झाला आणि वाटेत वाडीचा देव आला. देव म्हणजे शेंदूर लावलेला एक सपाट दगड. कागदावर त्याची नोंद कुठेच नव्हती. वाडीच्या बाया नुसत्या लांब उभ्या राहिल्या. आतोबा मात्र घडीची खुर्ची घेऊन जेसीबीसमोर बसले आणि ठेकेदाराच्या माणसाला त्यांनी आयर्लंड सुरुवातीपासून ऐकवलं. गोष्टीतले शिपाई येईपर्यंत जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं होतं. ठेकेदाराचा माणूस बराच वेळ दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोन हात डावीकडून घेतो. पण वर कुणाला सांगू नका."

वाडीतल्या एका म्हातारीने आतोबांच्या हातात नारळ ठेवला. "बाबा, ही गोष्ट तुमाला सांगली ती बाय कोन? नाव काय तिचा?"

आतोबांनी खुर्चीची घडी घातली आणि घरची वाट धरली.

घरी येऊन ते भर दुपारी अंथरुणावर आडवे झाले. आत्याने ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. संध्याकाळी ओटीवर मला म्हणाले, "मदर म्हनायचो तिला. तीन महिने तिच्या हातचा जेवलो रे. नाव कधी इचारलाच नाय."