तळ्यात ती वनस्पती कशी पोचली

निमोण्याजवळच्या एका वाडीच्या तळ्यातून मी गळ ओढला आणि त्याला ती वनस्पती चिकटून आली. पुढचं सगळं सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

माझं काम पाणवनस्पतींच्या सर्वेक्षणाचं. परक्या मुलखातली वनस्पती नव्या तळ्यात शिरली का, आणि कुठून, हे शोधायचं. काथ्याच्या दोराला लोखंडी गळ बांधून पाण्यात फेकायचा, ओढायचा, जे निघेल ते भिंगाखाली धरायचं.

ही सॅल्विनिया होती. पाण्यावर तरंगणारं नेचं. पानांवर केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक ताकाच्या रवीसारखं. आधी ती फक्त दौंडकडच्या एका डबक्यात सापडली होती. मधे ना ओढा, ना कालवा. मग आली कशी?

तळ्यावर दगडू आप्पांचा मासेमारीचा ठेका होता.

"आप्पा, जाळी कुठून आणता?"

"दौंडातनं. वापरलेली. नवी कुठं परवडत्यात?"

मी साहेबांना फोन केला.

"सोर्स सापडला ना? मग रिपोर्ट लिहून टाका."

मी लिहिलं: जाळ्यांतून. महिनाभरात आप्पांचा ठेका गेला.

मग तळेगाव ढमढेऱ्याकडच्या एका शेततळ्यात तीच वनस्पती निघाली. मालकाला विचारलं, "इथं मासे कोण धरतं?"

"मासं? आम्ही माळकरी हाय, सायेब. ह्या पाण्यात तुमच्या दोराबिगर कायबी पडलं न्हाई."

काथ्याचा दोर वाळला की ताठतो, हाताला टोचतो. म्हणून मी तो ओल्या गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये ठेवत असे. हुशारी माझीच. त्या दिवशी घरी येऊन ते गोणपाट बादलीत बुडवून ठेवलं. काही दिवसांनी दोन पानं वर आली. भिंग लावलं. रवी.

फील्ड डायरी उघडून, वनस्पती सापडण्याआधीच्या फेऱ्या बघितल्या. दौंड, दुसऱ्या दिवशी निमोणे. पुन्हा दौंड, दुसऱ्या दिवशी तळेगाव. ती माझ्याच जीपमधून फिरत होती.

साहेब म्हणाले, "रिपोर्ट वर गेलाय. आता उकरू नका."

नाही उकरलं. फक्त नायलॉनचा दोर घेतला आणि प्रत्येक तळ्यानंतर उन्हात वाळवू लागलो. शोधणाऱ्यानं आधी स्वतःचं सामान तपासावं, एवढं शिकलो.

आप्पा कारेगावला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले होते. सांगायचंच, असं ठरवून गेलो. मला बघून ते उठून उभे राहिले.

"बरं झालं आलात, सायेब. माज्या जाळ्यापायी सगळं तळं नासलं. मला ठावं नव्हतं, पर चूक ती चूक. माफी करा."

"असू द्या, आप्पा," मी म्हणालो. त्यांनी मागवलेला चहा प्यायलो आणि परत आलो.