केळी फुटवणारी सखूअक्का

अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत सखूअक्काइतकी स्वच्छ बाई दुसरी नव्हती, आणि हे ती स्वतःच दिवसातून दोनदा सांगायची. शहराबाहेरच्या एका लॅबमध्ये ती केळीची रोपं तयार करी. कोंबाच्या गाभ्याचा नखाएवढा तुकडा कापून बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा. एका औषधाने त्याला कोंबामागून कोंब फुटतात, औषध बदललं की मुळं. "आपलं बोट तुटलं तर परत येतंय का?" अक्का विचारी. "केळीला तुकड्यातून अख्खं झाड येतं. फक्त हात साफ पाहिजे."

म्हणून नियम होता: बांगडी, घड्याळ, दोरा, सगळं काढूनच आत जायचं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी अक्काच्या मनगटावर परित्राणपाठाचा, पाठ म्हणून रक्षणासाठी बांधतात तो दोरा होता. भंतेजींनी बांधलेला दोरा काढायला तिचं मन होईना. तिने तो बाहीत सरकवला आणि कामाला बसली. दुपारी विहारातल्या खिरीची तयारी करायला लवकर निघाली. शेजारी बसणारी त्रिवेणी आमच्याच गल्लीतली. "तुम्ही जावा अक्का, मी बघते. टेन्शन नक्को," म्हणाली. संध्याकाळी जिने तिने आपण भरलेल्या बाटल्यांवर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा असे; बिनशिक्क्याच्या बाटल्यांवरून अक्काचं लवकर जाणं उघडं पडू नये म्हणून त्रिवेणीने तिच्याही बाटल्यांवर आपलाच नंबर घातला.

पाचव्या दिवशी अक्काने भरलेल्या बाटल्यांत पांढरी बुरशी धरली. लॅबच्या मॅडमने नंबर पाहिला आणि त्रिवेणीला कामावरून काढलं. अक्का तिथेच उभी होती. तिने बाही खाली ओढली, तोंड मात्र उघडलं नाही.

मग तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हायलाच हवं होतं, मी म्हणतो. त्रिवेणीचं दार चुकवायला ती मागच्या बोळातून ये-जा करू लागली. जेवण जाईना. आपल्याच हातांची तिला किळस येऊ लागली.

रविवारी विहारात पंचशील होतं. अक्का आधी म्हणते, आम्ही तिच्यामागून. तीन शीलं खणखणीत झाली. चौथं, खोटं न बोलण्याचं, तिच्या घशात अडकलं. सगळे थांबले. शेवटी मागे बसलेल्या त्रिवेणीनेच ते म्हटलं.

बाहेर चपला घालताना अक्काने तिचा हात धरला. "बुरशी माझ्यामुळे आली गं. दोरा काढला नव्हता मी. फार लाज वाटते."

"ठाऊक आहे, अक्का," त्रिवेणी म्हणाली. "तुम्ही निघालात तेव्हा बाहीतून लोंबत होता. रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसत होते मी, तुम्ही येताल म्हणून."